पुस्तक परत मिळाल्याची चिठ्ठी

चाक्राकुचोच्या अध्यापक महाविद्यालयात नेमेसिओ हानाम्पा लागला तो झाडूवाला म्हणून. वय एकवीस, शिक्षण चौथीपर्यंत, आणि स्पॅनिश बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळणारा. ग्रंथालयाच्या खोलीला तेव्हा बहुतेक वेळ कुलूपच असायचं. ग्रंथपाल म्हणून नेमलेले गृहस्थ लिमाला राहायचे आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी तेवढे उगवायचे. पुस्तकांवरची धूळ झटकायचं काम नेमेसिओकडे होतं. धूळ झटकता झटकता तो आधी पुस्तकांची नावं वाचायला लागला, मग आतला मजकूर. पाच वर्षांनी ग्रंथपाल यायचे साफ बंद झाले, तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुठलं पुस्तक कुठे आहे हे ज्याला ठाऊक होतं, तो रोज सकाळी सात वाजता दार उघडत होताच.

तीन हजार सहाशे पुस्तकं होती. लिमाची दोन वर्तमानपत्रं चार दिवस उशिरा यायची, त्यांच्या बांधीव फायली होत्या. भिंतीएवढे नकाशे होते. पडद्यावर चित्रं दाखवायचं एक यंत्र होतं, आणि त्याच्या काचेच्या चकत्यांचे नऊ डबे. पण नेमेसिओचा खरा जीव होता तो पलीकडच्या छोट्या खोलीत. परदेशातल्या कुठल्याशा शिक्षक संघटनेनं सहा टेपरेकॉर्डर आणि सहा हेडफोन पाठवले होते. ते कसे चालवायचे हे सांगायला कुणी आलं नाही. नेमेसिओनं एक यंत्र खोलून, पुन्हा जोडून, स्वतःच शिकून घेतलं. पुढे टेप गुंतली की शिवणाच्या सुईनं सोडवायची, तुटली की बारीक चिकटपट्टीनं जोडायची, हे सगळं त्याच्या बोटांत आलं.

यायची ती पोरं वरच्या डोंगरांतली. कुणी एक दिवस चालून, कुणी दोन. घरात केचुआ बोलायची, आणि मास्तर व्हायचं तर स्पॅनिश स्वच्छ बोलता यायला हवं. त्यासाठी उच्चारांच्या टेपा होत्या.

"ताइता, माझ्या स्पॅनिशचं काय करू?" एखादा रडवेला होऊन विचारायचा. मोठ्या माणसाला तिकडे ताइताच म्हणतात.

"तुझ्या स्पॅनिशला काही झालेलं नाही रे, ती अजून जन्मायचीय," नेमेसिओ म्हणायचा. "जा, तीन नंबरवर बस. चार नंबरचा डावा कान बहिरा आहे."

पुढे एका प्राध्यापकानं टूम काढली, की प्रत्येक विद्यार्थ्यानं सुट्टीत गावी जाऊन घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं टेपवर उतरवून आणायचं. बटाट्याची पेरणी, लग्नाच्या रीती, विंचवाचे उतारे, जे असेल ते. दोन यंत्रं आळीपाळीनं गावोगाव फिरली. सात वर्षांत एकशे चाळीस टेपा जमल्या. प्रत्येकीवर नेमेसिओनं आपल्या गोल अक्षरात लिहून ठेवलं: कोण बोललं, कुणी विचारलं, कुठल्या गावी.

लिहून ठेवणं हाच त्या माणसाचा धर्म होता. पुस्तक घरी न्यायचं तर विद्यार्थ्याचं कार्ड. त्यावर नाव, आईबापाचं नाव, गाव, राहण्याचा पत्ता, हजेरी क्रमांक, आणि खाली नेलेल्या पुस्तकांची यादी. ही कार्डं लाकडी खणांत, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात दुसरी चिठ्ठी, ते कुणाकुणाकडे जाऊन आलं याची. त्या पोरांपैकी कितीएकांचं नाव चर्चच्या बारशाच्या वहीनंतर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते नेमेसिओच्या खणात. नवीन पोरगं आलं की तो त्याला त्याचं कार्ड मुद्दाम दाखवायचा. "बघ, हा तू. आता हरवायचा नाहीस."

झेनाइदा पारियोना ही उर्कोपात्याची. दुसऱ्या वर्षाला होती, गालांवर थंडीनं पडलेले लाल चट्टे, आणि बोलण्यात फटकळ. तिनं आपल्या आईचंच बोलणं टेप करून आणलं होतं, शेतावर हिम पडायला लागलं तर काय करायचं याबद्दल. टेप तपासताना नेमेसिओ पोट धरून हसला होता. मुलगी अगदी प्राध्यापकी थाटात विचारते, "हिम पडणार हे कसं ओळखायचं?" आणि आई खेकसते, "एवढं शिकलीस आणि हे मला विचारतेस? बाहेर जाऊन नाक वर कर!" मग मुलीचं हसू, आणि त्यात कुठेतरी कोंबडी ओरडते.

त्र्याऐंशी सालच्या सप्टेंबरात झेनाइदा परीक्षेसाठी काहीतरी मागायला आली. नेमेसिओनं शिडीवर चढून डोंगराळ मुलखातल्या जमिनींच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. "हे ने. आठ वर्षांत दोघांनीच नेलंय. बिचारं एकटं पडलंय."

"म्हणजे कंटाळवाणं असणार," ती म्हणाली. पण घेऊन गेली. दोन आठवड्यांत वर्गातल्या आणखी काही जणांनी त्याची विचारणा केली. प्राध्यापकांनी प्रश्नच तसा दिला होता. नेमेसिओनं सगळ्यांची नावं प्रतीक्षायादीत लिहून ठेवली.

तोवर मुलखात आणीबाणी लागून दहा महिने झाले होते. एकीकडून डोंगरातले बंदूकवाले गावं पेटवत होते, दुसरीकडून लष्कर. नदीच्या पुलाखाली प्रेतं सापडत होती. महाविद्यालयाच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगानं घोषणा लिहायचं, दुसऱ्या दिवशी चुना फासला जायचा. नेमेसिओला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं आपलं दार सातला उघडायचं आणि सहाला लावायचं सोडलं नाही, एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी लष्कराच्या छावणीतला एक तरुण लेफ्टनंट आला. बरोबर चार शिपाई. आत येताना त्यानं दारातच टोपी काढली. बोलणं मऊ होतं. सगळ्या खोलीवरून नजर फिरवून तो म्हणाला, "किती व्यवस्थित ठेवलंय हो तुम्ही! राजधानीतसुद्धा असं पाहायला मिळत नाही."

एकोणीस वर्षांत नेमेसिओला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं पाहुण्याला बसायला खुर्ची दिली. शेगडीवर गवती चहा चढवला.

"एखादं पुस्तक कुणी कुणी नेलं, हे कळू शकतं का?" लेफ्टनंटनं चहाचा घोट घेत विचारलं.

"का नाही?" नेमेसिओ म्हणाला. आणि त्यानं खण उघडला. पुस्तकाची चिठ्ठी कशी बघायची, तिच्यावरून विद्यार्थ्याचं कार्ड कसं गाठायचं, कार्डावर गाव आणि राहण्याचा पत्ता कुठे असतो, हे तपासनीस साहेबांना समजावून सांगावं तसं सगळं नीट समजावून सांगितलं. लेफ्टनंटनं खिशातून एक यादी काढली. पंधरावीस पुस्तकांची नावं होती. जमिनींचा इतिहास त्यात होताच. नेमेसिओनं प्रतीक्षायादीही दाखवली.

जाताना शिपायांनी तीन खण उचलले.

"हे परत कधी मिळतील, साहेब?"

"लवकरच," लेफ्टनंट म्हणाला, आणि रिकामा पेला त्यानं स्वतःच्या हातानं खिडकीत ठेवला.

ते गेल्यावर नेमेसिओनं खणांच्या रिकाम्या जागा पाहिल्या. तो शिडीच्या पायरीवर बसून राहिला. पुढच्या आयुष्यात त्यानं ही दुपार हजार वेळा उलटून पाहिली. भीतीपोटी केलं असं म्हणायची त्याला मुभा होती. कुणीही ते मानलं असतं. पण त्याला पक्कं आठवत होतं, खण उघडताना भीती नव्हती. ती नंतर आली. उघडताना त्याला बरं वाटत होतं.

आठ दिवसांत अकरा विद्यार्थी उचलले गेले. कुणी वसतिगृहातून, कुणी बसमधून उतरवून. झेनाइदाला बेकरीच्या मागच्या तिच्या भाड्याच्या खोलीतून नेलं. बेकरीवालीनं पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. छावणीच्या फाटकावर विचारायला गेलेल्यांना एकच उत्तर मिळालं: इथे असं कुणी आणलेलं नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ग्रंथालयाच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर हॅट, पायांत टायरच्या रबराच्या चपला, पाठीवर लोकरी चादरीत बांधलेलं गाठोडं. ती उंबऱ्याच्या आत येईना.

"या ममाय, आत या," नेमेसिओ केचुआत म्हणाला.

"पुस्तकं इथंच ठेवतात ना, ताइता?"

"हो, इथंच."

तिनं गाठोडं सोडलं. आत एक फडकं, फडक्यात आणखी एक फडकं, आणि त्यात जमिनींच्या इतिहासाचं ते जाड पुस्तक. "मी तोरिबिया सुल्का. उर्कोपात्याची. झेनाइदाची आई," ती म्हणाली. "पोरीच्या खोलीत हे सापडलं. मला वाचता येत नाही. बेकरीवालीनं सांगितलं, हे तुमचं आहे, आणि द्यायची तारीख उलटून गेलीय." तिनं पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. "एक पानही फाटलेलं नाही. मी पुसून आणलंय. आता हे परत केलं म्हणजे सोडतील ना तिला?"

नेमेसिओनं हात पुढे केला नाही.

"दंड असेल तर चीज आणलंय," ती म्हणाली. "दोन आहेत."

त्यानं पुस्तक घेतलं. नेहमीप्रमाणे मागचं पान उघडलं, तारखेचा शिक्का उचलला आणि मारला. दुसरं काय करावं हे त्याच्या हातांना कळत नव्हतं.

"त्या फाटकावरच्या शिपायाला दाखवायला कागद द्या," तोरिबिया म्हणाली. "तोंडी सांगितलेलं ते ऐकत नाहीत."

त्याला सांगता आलं असतं, की ममाय, असल्या कागदानं काही होत नाही. त्याऐवजी त्यानं एक कोरा कागद घेतला आणि गोल अक्षरात लिहिलं: झेनाइदा पारियोना सुल्का, दुसरं वर्ष, हजेरी क्रमांक छप्पन्न, हिच्याकडील पुस्तक सुस्थितीत परत मिळालं. खाली शिक्का, सही. तोरिबियानं तो कागद चोळीत ठेवला. चीज परत घ्यायला ती तयार होईना.

त्या कागदासह ती छावणीच्या फाटकावर तीन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शिपायानं तो वाचला, हसला आणि दुसऱ्याला वाचायला दिला. दुसरा हसला नाही. त्यानं तो घडी करून तिला परत दिला आणि म्हणाला, "घरी जा, आई."

ती दर गुरुवारी यायला लागली. बाजारात बटाटे विकायचे, फाटकावर जाऊन विचारायचं, आणि तिथून ग्रंथालयात येऊन बाकावर बसायचं. जणू पुस्तक इथे दिलंय, तर उत्तरही इथेच कधीतरी येईल. पाचव्या की सहाव्या गुरुवारी नेमेसिओनं तिला पलीकडच्या खोलीत नेलं, तीन नंबरच्या यंत्रासमोर बसवलं, हॅट काढायला लावून हेडफोन चढवला आणि झेनाइदाची टेप लावली.

तोरिबिया प्रथम दचकून मागे वळली. मग भिंतीकडे बघत राहिली. टेपवर मुलीनं विचारलं, हिम पडणार हे कसं ओळखायचं, तेव्हा तिनं मोठ्यानं उत्तर दिलं. कानावर हेडफोन असला की माणसाला आपला आवाज कळत नाही. सबंध ग्रंथालयाला तो ऐकू गेला. "तू कुठं आहेस ते आधी सांग!" वाचत बसलेल्या चारपाच पोरांनी माना खाली घातल्या.

तिच्याकडे विद्यार्थ्याचं कार्ड नव्हतं, आणि नियमाप्रमाणे कार्डाशिवाय यंत्र द्यायचं नाही. नेमेसिओनं नियमाचं नावही काढलं नाही.

असे सात महिने गेले. ती यायची, त्याच्यासाठी ओंजळभर उकडलेला मका आणायची, ताइता ताइता करायची. तो मका तो वसतिगृहातल्या पोरांना वाटून टाकायचा. मे महिन्यातल्या एका गुरुवारी, ती हेडफोन चढवणार तेवढ्यात तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ममाय, एक सांगायचंय. शिपायांना पोरांची नावं मी दिली."

तिनं हेडफोन मांडीवर ठेवला.

"म्हणजे खण उघडून दाखवला. झेनाइदाचा पत्ता कार्डावर होता. पुस्तकही मीच दिलं होतं तिला. तिनं मागितलं नव्हतं."

"मारलं तुला?"

"नाही."

"बंदूक लावली?"

"नाही, ममाय. गोड बोलले."

बाहेर बाजारातल्या भोंग्यावर कसलीशी जाहिरात चालू होती. मग तिनं हेडफोन डोक्यावर चढवला.

"टेप लाव," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं त्याला ताइता म्हटलं नाही. मका आणला नाही. चार वर्षं दर गुरुवारी येत राहिली. आल्यावर हे दोनच शब्द, आणि जाताना तेही नाहीत. तो टेप लावायचा आणि दाराबाहेर जाऊन उभा राहायचा.

ज्या दिवशी सांगितलं त्याच संध्याकाळी त्यानं उरलेले खण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नेले आणि सगळी कार्डं चुलीत घातली. स्वयंपाकीण म्हणाली, "ओलं लाकूड धुमसतंय, बरं झालं आणलीत." पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठ्या त्यानं पुढच्या महिन्याभरात एकेक करून काढल्या. पुस्तक मागायला कुणी आलं, की द्यायचं. नाव लिहायचं नाही.

"ताइता, माझं नाव नाही लिहीत?" नवीन पोरं विचारायची.

"तुझं नाव तुझ्यापाशीच राहू दे. पुस्तक ने."

"परत कधी आणू?"

"जमेल तेव्हा."

पुस्तकं जायला लागली. काही परत येत, बरीच येत नसत. काही पोरं स्वतःच परत येत नसत. फळ्यांना खिंडारं पडली. ज्यानं एकेका टेपेची धूळ कुंचल्यानं काढली, तो माणूस आता रिकाम्या फळीकडे बघून न बघितल्यासारखं करू लागला. अठ्ठ्याऐंशी साली नवे संचालक आले आणि त्यांनी मोजदाद केली. नऊशेबारा पुस्तकांचा पत्ता नव्हता, आणि एकाचीही नोंद नव्हती.

"हानाम्पा, खरं सांग. विकलीस?"

नेमेसिओनं नकारार्थी मान हलवली.

"निदान कुणाकडे आहेत ते तरी सांग. एक नाव सांग."

"नावं मी सांगत नाही, साहेब," नेमेसिओ म्हणाला. संचालकांना तो उद्धटपणा वाटला. हलगर्जीपणाच्या ठपक्यासह त्याला काढून टाकलं. चोवीस वर्षांच्या नोकरीची पेन्शनही बुडाली. बायको, पाउलिना, झग्याला हात पुसत म्हणाली, "विकली असतीस तर बरं झालं असतं रे. चोर म्हणून घ्यायचं, आणि घरात दिव्याला तेल नाही!" तिला त्यानं त्या मंगळवारचं कधीच सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या गुरुवारी त्यानं झेनाइदाची टेप यंत्रातून काढून तोरिबियाच्या हातात ठेवली. इतक्या वर्षांत ग्रंथालयातून त्यानं उचललेली ही एकच वस्तू. तिनं ती त्याच चोळीत ठेवली आणि निघून गेली. तिच्या भावानं पुढे बॅटरीवरचा एक टेपरेकॉर्डर आणला म्हणे. बाकीच्या एकशे एकोणचाळीस टेपांवर नव्या संचालकांनी स्नेहसंमेलनासाठी नाचाची गाणी भरून घेतली.

नेमेसिओ बेकरीत लाकडं फोडायला लागला. बेकरी तीच. मागच्या खोलीत आता पिठाची पोती असत.

दोन हजार दोन साली, मुलूख शांत झाल्यावर, नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. लांबच लांब टेबल, पांढरं कापड, पाण्याचे पेले. ज्यांची माणसं गेली त्यांनी येऊन सांगायचं, ते लिहून घेतलं जाणार होतं. दोन दिवस बायकाच बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी साठीचा नेमेसिओ उठला.

"आपलं कोण गेलं?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"माझं कुणी नाही. मी नावं देणारा आहे," तो म्हणाला. आणि त्यानं अकराही नावं सांगितली. आईबापाच्या नावासकट, गावासकट, हजेरी क्रमांकासकट. लिहून घेणाऱ्या मुलाला त्याला दोनदा थांबवावं लागलं. मग त्यानं खणाचं सांगितलं.

"त्या दिवसांत सगळ्यांवरच दहशत होती," बाई समजुतीनं म्हणाल्या. "तुम्हाला धमकावलं असेल."

"नाही बाई. मी त्यांना चहा पाजला."

सभागृहात कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी गप्प बसवलं. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या पाउलिनानं डोक्यावरची चादर पुढे ओढली आणि ती बाहेर निघून गेली. त्या रात्री ती बहिणीकडे राहिली. चार दिवसांनी परत आली, चूल पेटवली, पण त्या विषयावर मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

नेमेसिओ पायऱ्यांवर आला तेव्हा तोरिबिया तिथे बसलेली होती. पाठीत वाकलेली, दात गेलेले. तो तिच्या बाजूनं निघून जाणार होता.

"बस," ती म्हणाली.

तो एक पायरी सोडून बसला.

"टेप तुटली," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. आतल्या आत गोळा झाली सगळी. भावानं ओढून काढली तर फडफडा तुटली."

"मला आणून द्यायची होतीस. मी जोडली असती."

"तुझ्याकडे नव्हती आणायची."

चौकात बसवाले ओरडत होते.

"तू उघडला नसतास, तर त्यांनी फोडला असता," ती म्हणाली. "मला कळतं ते. अठरा वर्षं मी हेच म्हणतेय स्वतःला. लाकडाचा खण, फोडायला कितीसा वेळ लागतो? पण उघडलास तू."

"हो, ममाय."

"फोडला असता, तर मी तुला मका दिला असता."

तिनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. त्यानं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही, कठडा धरला. उर्कोपात्याची बस भरत आली होती. ती गर्दीत वाट काढत चढली आणि खिडकीशी बसली, पलीकडच्या बाजूच्या.

झेनाइदाचं काहीच सापडलं नाही. पुढे छावणीमागचं मैदान खणलं तेव्हा चौघांची हाडं निघाली. चौघेही पुरुष होते. उर्कोपात्यात तोरिबियानं मुलीचे कपडे नदीवर धुतले, आणि शरीर नसलं की तिकडे करतात तसं ते पेटीत घालून पुरले. बेकरीवाली जाऊन आली. नेमेसिओला कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं संध्याकाळपर्यंत लाकडं फोडली, लागणार होती त्याच्या दुप्पट, आणि बेकरीवाली परत आल्यावर एवढंच विचारलं, "लोक बरेच होते का?"

"होते," ती म्हणाली. "सगळा गाव होता."